डाग दिसतोय का, प्रोफेसर?

माझ्या डोळ्यांचं कौतुक आजवर एकाच व्यक्तीने केलं, आणि त्या वेळी तिला स्वतःला धड दिसत नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत मी आरशासमोर उभा राहून डोळे जरा बारीक, जरा मोठे करून पाहत असे. म्हटलं, असतीलही बुवा चांगले, घरच्यांचं लक्ष गेलं नसेल.

ती व्यक्ती म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. नगरला सावेडीत त्यांचं लहानसं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर मी एकटा. मी एका कॉलेजात घड्याळी तासिकेवर अर्थशास्त्र शिकवत होतो. घड्याळी तासिका म्हणजे तास सुरू झाला की प्राध्यापक आणि घंटा झाली की रिकामा माणूस. पण श्रीगोंद्याला आमच्या उसाच्या गावात मी प्रोफेसर म्हणूनच ओळखला जायचो आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा बाईंनी ना माझं नाव विचारलं, ना गाव. पुढे आल्या, माझ्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाल्या, "टेरिकॉट. वाळत कुठे घालणार?"

"गच्चीवर, काकू."

"काकू म्हणायचं नाही. मी कुणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही."

"बरं, मावशी."

"मावश्या वॉर्डात असतात."

दवाखान्यात नोकरी केलेली दिसते, असा तर्क करून मी हुशारीने "सिस्टर" म्हणून पाहिलं. तेही जमलं नाही. "सिस्टर नर्सला म्हणतात, नाहीतर मठातलीला. मी दोन्ही नाही. बाई म्हण. बाई आहे ना मी?"

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. खोली मिळाली.

बाईंचा सगळा जन्म मिशनच्या एका दवाखान्यातल्या लिनन रूममध्ये गेला होता. दवाखान्यात चादरी, अभ्रे, गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळ्याला सरसकट लिनन म्हणतात. बाई त्या खोलीच्या प्रमुख. "आणि त्या अख्ख्या खोलीत लिनन औषधालाही नव्हतं," त्या नाक उडवून सांगायच्या. "सगळं मांजरपाट! खरं लिनन मी पाहिलं ते चर्चमध्ये."

चर्चमधलं ते खरं लिनन म्हणजे वेदीवर अंथरायचं मोठं पांढरं कापड. कुणा परदेशी सिस्टरने खूप वर्षांपूर्वी मायदेशी परत जाताना मागे ठेवलेलं. त्याच्याबरोबर मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी प्याला पुसायचे आणि फादरांनी हात पुसायचे लहान रुमाल. हे सगळं धुण्याचं काम बाईंकडे होतं. निवृत्त झाल्या, भाऊ गेला, भाचे पुण्याला गेले, तरी हे काम राहिलं. त्या कापडामुळे चर्चमधून कुणीतरी यायचं, चार शब्द बोलायचं, नाताळात केक आणून द्यायचं. ते काम गेलं असतं तर बाईंच्या दारावर दूधवाल्याशिवाय कुणी आलं नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही दिसत होतं. आणि ते जायची लक्षणं होती. चर्चच्या कमिटीतल्या एका उत्साही गृहस्थांनी मोबाईलवर एक पॉलिएस्टरचं वेदीवस्त्र शोधून काढलं होतं. सुरकुती पडत नाही, इस्त्री लागत नाही, झटकलं की झालं.

"झटकलं की झालं!" बाई दिवसभर तेच घोकत होत्या. "मग प्रार्थना पण झटकूनच करा म्हणावं."

गच्चीवरच्या दोऱ्यांचे त्यांचे कायदे मला पाठ करावे लागले. पूर्वेची दोरी चर्चची. तिच्याखाली उभं राहून शिंकायचंसुद्धा नाही. मधली त्यांची. माझी पश्चिमेची, पाण्याच्या टाकीमागची, जिथे ऊन दुपारून येतं आणि कबुतरं दिवसभर. लाकडी चिमटे त्यांचे, प्लास्टिकचे माझे. धुण्याबद्दल त्यांना सगळं कळायचं असं मात्र नाही. वॉशिंग मशीनमुळे संधिवात होतो, असं त्या छातीठोकपणे सांगत. ओल्या कपड्यांजवळ मोबाईल नेला तर पांढरं पिवळं पडतं, हा त्यांचा आणखी एक शोध. मी एकदा गच्चीवर फोनवर बोलत होतो तर त्यांनी खालून ओरडून मला जिन्यात उतरवलं. पलीकडे कॉलेजचे प्राचार्य होते. "सर, जरा खाली जातो, इथे कपडे आहेत," असं मी म्हणालो, आणि त्यांना काय समजलं ते देवाला ठाऊक.

आता माझ्या शर्टाकडे येतो. एक दिवस मला मोबाईलवर जाहिरात दिसली. समुद्रकिनारी एक दाढीवाला माणूस लिननच्या शर्टात कुठेतरी लांब पाहत उभा होता. वाटलं, आपल्यात आणि त्याच्यात फक्त शर्टाचाच फरक आहे. घेतला. मोतिया रंगाचा, शुद्ध लिननचा. तो घालून गावी गेलो तर वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"हे काय रं? इस्त्री न्हाई व्हय नगरला?"

"दादा, लिनन आहे हे. त्याला सुरकुत्या असतातच. जवसाच्या झाडापासून करतात."

"जवसाचा शर्ट?" दादांनी शेजारच्यांकडे पाहिलं. "मंग भाकरीसंगं खायचा का घालायचा?"

गाव हसलं. मी मनाशी म्हटलं, यांना काय कळणार. परत येऊन तो शर्ट मी स्वतः, अत्यंत प्रेमाने, बोअरच्या पाण्यात, गरम करून, भरपूर पावडर घालून धुतला. मग एक टोक नळाला बांधून पार शेवटच्या थेंबापर्यंत पिळला आणि भर मे महिन्याच्या उन्हात वाळत घातला. दुपारी गेलो तर दोरीवर शर्ट नव्हता, पापड होता.

बाईंनी तो हातात घेतला, चाचपला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी फक्त मयताच्या घरी पाहिलं होतं. चिडल्या की त्यांची शाळेतली भाषा जाऊन राहुरीकडची बोली वर यायची.

"कुनी मारलं रे ह्याला?"

"मी धुतला, बाई."

"धुतला न्हाई, खून केलास! लिनन हाय हे. खरं लिनन! अरे, असा कसा रे तू?"

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. लिनन बोअरच्या पाण्यात घालायचं नाही, क्षाराने ते आखडतं. नळाला मुळा धरणाचं पाणी येतं त्या दिवशीच धुवायचं. पाणी गार. साबण हाताला लागेल न लागेल इतका. पिळायचं तर अजिबात नाही, टॉवेलात गुंडाळून नुसतं दाबायचं. सावलीत वाळवायचं आणि पुरतं वाळायच्या आत, अंगात थोडी ओल असताना, उलट्या बाजूने इस्त्री करायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे घडी घालायची नाही. रोज त्याच रेघेवर घडी पडली की लिननचा धागा तिथेच तुटतो. वेदीचं कापड बाई कापडदुकानातल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळून ठेवायच्या.

"पण बाई, सुरकुत्या राहतातच."

"राहू दे. सुरकुती म्हणजे डाग नव्हे. तुझ्या आईच्या तोंडावर आहेत ना? धुवून काढतोस का?"

मी झपाटून शिकलो. एवढं मन लावून मी नेट परीक्षेचाही अभ्यास केला नव्हता, तो निकाल सांगतोच. शिकताना एक घोटाळाही केला. बाई प्याल्याचे रुमाल धुवायच्या तेव्हा त्यांचं पहिलं पाणी अंगणातल्या सीताफळाच्या मुळाशी नेऊन हळूच ओतायच्या. मी ते पाहून ठेवलं. लिननच्या पाण्यात झाडाला मानवणारं काहीतरी सत्त्व असणार, जवसाचं वगैरे, असं मी ताडलं आणि माझ्या शर्टाचंही पहिलं पाणी भक्तिभावाने सीताफळाला घालू लागलो. वर्गात शाश्वत विकासावर बोलताना हे उदाहरणही दिलं. पोरांनी लिहून घेतलं.

एक दिवस बाईंनी बादलीचा आवाज ऐकला. "काय ओतलंस?"

"शर्टाचं पहिलं पाणी."

"का?"

"तुम्ही ओतता ना."

बाई पायरीवर बसल्या आणि डोक्याला हात लावला. "अरे प्रोफेसर, त्या रुमालाला प्याल्यातल्या ख्रिस्तप्रसादाचा अंश लागलेला असतो. तो गटारात जाऊ नये म्हणून मातीला देतात. तुझ्या शर्टाला काय लागलंय? बगलेतला घाम! महिनाभर माझ्या झाडाला घाम पाजलास?"

त्या वर्षी सीताफळं मात्र झकास आली. बाईंनी मला एक दिलं आणि बजावलं, "यात तुझं काही नाही."

मग हळूहळू मला बढती मिळाली. चर्चचं धुणं असलं की बाई वर हाक मारायच्या. "प्रोफेसर, ये रे. तुझे डोळे चांगले आहेत." त्या पलंगावर कापड पसरायच्या आणि विचारायच्या, "डाग दिसतोय का?" मी हात मागे बांधून, मान तिरकी करून, एखाद्या चित्राचं परीक्षण करावं तसं कापड न्याहाळायचो. मेणाचा ठिपका, द्राक्षारसाचा शिंतोडा, जे दिसेल ते सांगायचो. त्या तिथे बोट ठेवून बोटानेच खात्री करायच्या आणि कामाला लागायच्या. मला वाटायचं, मला सौंदर्यदृष्टी आहे हे ओळखणारं कुणीतरी शेवटी भेटलं. कॉलेजात एका सहकाऱ्याला मी सांगितलंही, "आमच्या बाई माझ्या नजरेला फार मानतात."

संध्याकाळी गच्चीवर आलो की त्या खालून विचारायच्या, "समोरच्यांच्या दोरीवर काय आहे रे आज?" बाई लोकांचं घर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून ओळखायच्या. समोरच्या घरात सुनेचं बिनसलं हे त्यांनी दोरीच्या दोन दोऱ्या झाल्या तेव्हाच सांगितलं होतं. मला या चांभारचौकशांचा कंटाळा यायचा. मी मोबाईलवरून नजर न काढता ठोकून द्यायचो, "दोन दोऱ्या आहेत. टॉवेल, चादरी." त्या म्हणायच्या, "अजून वेगळंच चाललंय का? अरेरे." माणूस स्वतः मान वर करून का बघत नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या माणसाला पडायला नको का? नाही पडला.

तो पडला चर्चमध्ये. बाईंचे गुडघे धरले होते म्हणून धुतलेलं कापड पोचवायला मी गेलो. वेदीचं सगळं एक तरुण सिस्टर बघायची, सोनईकडची, नवीनच आलेली. मी नळकांडं तिच्या हातात दिलं आणि ऐटीत म्हणालो, "मी स्वतः तपासलंय."

तिने कापड उलगडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बादलीत बुडवलं.

"सिस्टर! धुतलेलं आहे ते!"

तिने आधी दार लोटलं. मग कापडाची कड माझ्यासमोर धरली. मेणाचे ठिपके, एक पिवळट ओघळ, इस्त्रीचा किंचित भाजल्याचा चट्टा. एकदा दिसल्यावर ते सगळीकडे दिसायला लागले.

"बाईंना दिसत न्हाई आता," ती म्हणाली. "मोतीबिंदू पिकलाय दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांकडं जा म्हटलं तर विषय बदलतात. मी आल्यापासून गुपचूप परत धुते. तुम्ही सांगू नका हं त्यांना. लई वाईट वाटंल. आणि कमिटीतल्यांना तर मुळीच नको. ते पॉलिएस्टर आणायला टपलेलेच हायत." मग माझ्याकडे पाहून तिने जरा संकोचाने विचारलं, "तुमी तपासलं म्हणालात ते... चष्मा घरी राहिला का?"

मला चष्मा नाही. घरी येईपर्यंत मी एकेक गोष्ट जोडत गेलो आणि एकेका गोष्टीला कानाच्या पाळ्या गरम होत गेल्या. बाईंनी मला शिष्य केलं नव्हतं. त्यांना डोळे हवे होते आणि वरच्या मजल्यावर जे मिळाले ते त्यांनी घेतले. आणि ते तरी काय घेतले! बिचाऱ्या बाईंनी आधाराला काठी निवडावी आणि ती नेमकी पोकळ निघावी, तसं झालं होतं.

बाईंपासून मी हे लपवून ठेवलं. पुढच्या वेळी कापड धुवायला आलं तेव्हा बाई पलंगावर बसून त्यावरून बोटं फिरवत होत्या. मधोमध त्यांची बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा थांबली.

"हे घडी घालून ठेवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "घडीवरून इस्त्री फिरवली आहे."

मी छताकडे पाहिलं.

"आणि निळीचा वास येतोय. मी नीळ घालत नाही. तुला माहीत आहे ना, कोण धुतं?"

मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलतो, पण समोरच्याला कळतं. मी सांगून टाकलं. सिस्टर, बादली, लोटलेलं दार, सगळं. वाटलं, आता या कोसळतील. बाईंनी कापडाची कड सरळ केली.

"मला केव्हाचं माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा निळीचा वास आला तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पोरगी माझा मान राखायला चोरून धुते. तिला कळलं की मला कळलंय, तर तिला किती वाईट वाटेल!"

"ती पण हेच म्हणाली. बाईंना लई वाईट वाटंल."

"मग बरंच चाललं होतं की," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी माझा हात धरून माझं बोट त्या घडीच्या रेघेवर ठेवलं. तिथे कापड नव्हतंच जवळजवळ. नुसते उभे धागे, आडवे गळून गेलेले. "पण हे बघ. दर वेळी दोनदा धुणं, आणि वर ही घडी. माझी माया आणि तिची माया, दोघींच्या मध्ये हे मरतंय. पुढच्या इस्टरला हे फाटणार आणि मग ते झटकायचं येणार." त्यांनी कापड मांडीवर ओढलं. "माझ्या हातून येणार, प्रोफेसर. मी धरून बसले म्हणून."

मी म्हणालो, "बाई, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या ना. आता काहीच वाटत नाही त्याचं."

"तुला काय माहीत? कधी ऑपरेशन पाहिलंस?"

"नाही. तुम्ही?"

"मी पण नाही. पण ऑपरेशन थिएटरातून जे धुवायला येतं ते मी उभा जन्म पाहिलंय." त्यांनी डोळे मिटले. "बोचकी सोडायचे मी, रे. माणसाच्या अंगात किती असतं ते मला विचार."

तेव्हा कुठे मला समजलं. ही बाई कुणापुढे हार न मानणारी, पण शस्त्रक्रिया म्हणजे काय हे तिला फक्त तिच्या धुण्यावरून माहीत होतं. मी म्हणालो, "अहो, ते पोटाचं असेल, बाळंतपणाचं असेल. डोळ्यात कुठे एवढं..." पण माझ्या पाहण्यावर आता त्यांचा तरी विश्वास का असावा? त्यांनी कापड गुंडाळून ठेवलं. दोन-तीन दिवसांनी सकाळी खालून हाक आली. बाई स्वच्छ पातळ नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. "चल, डोळ्यांच्या दवाखान्यात. आधी कापड वाचलं पाहिजे, माझी भीती नंतर."

पिशवीत त्यांनी घरची स्वतः धुतलेली, उकळलेली चादर घेतली होती. दुसऱ्या कुणी धुतलेल्या चादरीवर त्या झोपणार नव्हत्या. डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स तयारीला लागली आणि तिने पाकीट फोडून एक निळसर कापड काढलं. बाईंनी लगेच दोन बोटांत धरून चोळलं.

"हा कागद आहे."

"कागदासारखंच आहे, आजी. एकदा वापरायचं आणि टाकून द्यायचं."

"धुवायचं नाही?"

"नाही."

"मग इथून धुवायला काहीच जात नाही?"

"काहीच नाही."

बाईंनी जरा विचार केला. मला वाटलं, आता या दवाखान्याला चार शब्द सुनावून उठतील. पण त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "जे धुवायला जात न्हाई त्याचं मला भ्याव न्हाई," असं म्हणून त्या आत गेल्या. बाहेर मीच घामाघूम झालो होतो. अंगात तो लिननचा शर्ट होता आणि पाठीला चिकटला होता.

आधी एक डोळा, महिन्याभराने दुसरा. काळा चष्मा उतरला त्या दिवशी बाई कुणाची मदत न घेता गच्चीवर गेल्या आणि थेट समोर बघून ओरडल्या, "अरे, एकच दोरी आहे की! सुनेचं-सासूचं एकत्र आहे!"

"हो का? मध्ये काढली असेल दुसरी."

"कधी?"

मी टाकीमागची कबुतरं मोजायला लागलो. मग त्यांची नजर माझ्यावर वळली. मी धास्तावलो, कारण शर्ट तोच होता.

"इकडे ये. हे काय आहे? पोटावर?"

"हळद असेल. किंचित आहे."

"किंचित? अख्खी पळी सांडली आहे! साबण लावून लाल करून ठेवलास. पारनेरला मुलगी बघायला गेलास तेव्हा हाच घातला होतास ना?"

मी मान डोलावली. पारनेरचा नकार मी आजवर घड्याळी तासिकेच्या खात्यावर टाकला होता. त्या मुलीच्या मामांनी "प्रवासात जेवण झालेलं दिसतंय" असं का म्हटलं होतं, तेही आत्ता उमगलं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी वेदीचं कापड पलंगावर पसरलं. मी दारात उभा होतो. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, वाकून पाहिलं आणि पाहतच राहिल्या. सिस्टरने निळीत घालूनही काही डाग गेले नव्हते. ते बाईंच्या हातचे होते, जुने, मुरलेले. त्या खाली बसल्या.

"हे मी द्यायचे?" त्या म्हणाल्या. "वेदीवर?"

मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि स्वतःची शरम वाटली, कारण प्रत्येक वेळी "एकदम लख्ख आहे, बाई" असं म्हणणारा मीच होतो. त्यांनी पदराने डोळे पुसले. नव्या डोळ्यांना पाणी लावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यावर त्या फणकारल्या, "हे धुण्याचं पाणी नव्हे," आणि उठल्या.

इस्टर जवळ आलं होतं. बाईंनी त्या कापडावर जीव ओतला. मेण गार पाण्याने कडक करून चमच्याच्या कडेने काढलं. जुने डाग लिंबू लावून, ओलं ठेवून, कोवळ्या उन्हात थोडेथोडे उतरवले. कडेच्या दुमडीतून लिननचेच धागे ओढून काढले आणि त्या मधल्या विरलेल्या रेघेत एकेक आडवा धागा सुईने विणला. हे सगळं करताना मला शेजारी बसवून ठेवलं होतं, पण आता डोळ्यांसाठी नव्हे. सुई ओवायला. तेही त्याच लवकर ओवायच्या.

पवित्र आठवड्यात, चर्चला द्यायच्या सकाळी, मोठं कापड आणि लहान रुमाल त्यांनी पलंगावर मांडले. खोली उजळल्यासारखी दिसत होती. त्यांनी हाताची घडी घातली आणि जुन्या आवाजात विचारलं, "डाग दिसतोय का, प्रोफेसर?"

"बाई, आता तुम्हालाच दिसतं की."

"मला दिसतंय. तुला दिसतंय का ते विचारतेय."

या वेळी मी कसूर ठेवली नाही. कापड खिडकीपाशी नेलं, उलटं केलं, रुमाल एकेक करून उन्हात धरले. नाक टेकवून पाहिलं. मग ठामपणे सांगितलं, "एकही नाही."

बाईंनी हात पुसायच्या रुमालाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बारीक, मोहरीएवढा मेणाचा ठिपका.

"अरेच्चा! द्या, चमचा आणतो."

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "राहू दे. तो मी ठेवलाय."

"ठेवलाय? तुम्ही?"

"डोळे आले आणि लगेच सगळं लख्ख गेलं, तर ती पोरगी काय समजेल? म्हणेल, बाईंना आता दिसलं, म्हणजे आधी काय जात होतं तेही कळलं. शरमेने मला तोंड दाखवायची नाही. मोठ्या कापडावर काही नाही, त्याला ती हात लावणार नाही. हा रुमाल तेवढा धुवू दे तिला. हळूहळू कमी करू."

डागाच्या नावाने अख्ख्या गल्लीला धारेवर धरणारी ही बाई. चर्चच्या कापडावर तिने जाणूनबुजून डाग ठेवला होता, आणि अजून आपल्याला नीट दिसत नाही असं लोकांनी समजायला तिची हरकत नव्हती.

मी चर्चमध्ये गेलो. सिस्टरने मोठं कापड उलगडलं, दोन्ही हातांनी उजेडात धरलं आणि तिचा चेहरा फुलला. "बाईंचं ऑपरेशन लागू पडलं हो!" मग तिने रुमाल पाहिले, शेवटच्या कोपऱ्यावर थांबली आणि हळूच हसली. इकडेतिकडे बघून तिने तो ठिपका नखाने खरवडून टाकला.

"एवढंच राहिलं हुतं. अजून जरा अंधुक असंल त्यांना. तुमी सांगू नका हं."

"नाही सांगत," मी म्हणालो. एवढं एक खोटं मला तोंड न पाडता बोलता आलं.

घरी आलो तेव्हा बाई फाटकापाशीच उभ्या होत्या. "काय झालं? दिसला तिला?"

"दिसला. खूश झाली. काढला लगेच."

"कशाने?"

"नखाने."

"नखाने?" बाईंचा चेहरा कळवळला. "अरे देवा! मेण नखाने काढतात होय? धागा ओढला जातो लिननचा. चमच्याची कड लावायची, हलक्या हाताने. एवढं साधं..." त्या तरातरा फाटकाबाहेर निघाल्या, चर्चच्या दिशेने चार पावलं गेल्याही, आणि तिथेच थबकल्या. मग माझ्याकडे वळल्या, अगदी लहान मुलासारख्या रडवेल्या होऊन.

"आणि हे मी तिला सांगू पण शकत न्हाई रे!"